मनोरीचा खाडीकाठ आणि कीटकाभ्यासाची साधने : एक चिकित्सा

मार्वे येथील धक्क्यावरून तरीत बसून खाडी ओलांडली की मनोरी लागते. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस मनोरीची खाडी, उत्तरेस गोराई आणि त्यापलीकडे उत्तन अशी या गावाची मांडणी आहे. कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्ती, माडांच्या राई, पावसाळ्यातील भातखाचरे, वाळूचा किनारा आणि खाडीच्या चिखलात पाय रोवून उभी असलेली तिवरे हे सारे येथे पायी फिरण्याच्या अंतरात सामावलेले आहे. कीटकांच्या अभ्यासकाला अर्ध्या दिवसात इतक्या निरनिराळ्या अधिवासांतून हिंडता यावे असे स्थान बृहन्मुंबईच्या हद्दीत क्वचितच आढळेल.

अशा ठिकाणाहून एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने तिवराच्या पानावरील एक अळी, माडाच्या शेंड्यातील एक भुंगा आणि साचलेल्या पाण्यावरून पकडलेला एक डास विद्यापीठात आणला, तर त्यापुढे त्याला कोणती वाट उपलब्ध आहे? हा प्रश्न वरकरणी साधा आहे. तथापि विद्यापीठातील कीटकाभ्यासाच्या साधनसामग्रीची परीक्षा घ्यावयाची तर याच प्रश्नाने घेतली पाहिजे. ग्रंथालयातील पुस्तकांची संख्या, सूक्ष्मदर्शकांची किंमत किंवा प्रयोगशाळेचे क्षेत्रफळ यांवरून साधनांची समृद्धी मोजण्याचा प्रघात आहे. वस्तुतः साधन ते, जे हातातील कीटकापासून त्याच्या नावापर्यंत अभ्यासकाला नेते आणि ते नाव बरोबर की चूक हे पुढच्या अभ्यासकाला पडताळून पाहता येईल अशी सोय मागे ठेवते. या कसोटीचा उत्तरार्ध पूर्वार्धाहून अधिक महत्त्वाचा असून नेमका तोच बहुधा विसरला जातो. ग्रंथ, संग्रह आणि भाषा या तीन साधनांचा विचार पुढे याच कसोटीवर केला आहे.

(१) ग्रंथ

भारतीय कीटकांविषयीच्या संदर्भग्रंथांत 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेचे स्थान आजही अढळ आहे. १८८८ साली सस्तन प्राण्यांवरील खंडाने सुरू झालेल्या या मालेत कीटकांना मोठा वाटा मिळाला. हॅम्पसन यांचे पतंगांवरील चार खंड १८९२ ते १८९६ या काळात, बिंगहॅम यांचे मधमाश्या, गांधीलमाश्या व मुंग्या यांवरील दोन खंड १८९७ व १९०३ साली आणि डिस्टंट यांचे ढेकूणवर्गीय कीटकांवरील सात खंड १९०२ ते १९१८ या काळात प्रसिद्ध झाले. फ्रेझर यांचे चतुरांवरील तीन खंड १९३३ ते १९३६ या काळातील आहेत. डासांपैकी ॲनॉफेलिस गटावर क्रिस्टोफर्स यांनी १९३३ साली आणि उरलेल्या डासांवर बॅरॉड यांनी १९३४ साली लिहिले. एकेक लक्षण पडताळीत दोन पर्यायांतून एक निवडावयाचा आणि अशा पायऱ्या उतरत जातीच्या नावापाशी पोहोचावयाचे, ही निर्धारण-सारणीची पद्धत या मालेने भारतीय विद्यार्थ्याच्या हाती दिली. हे खंड आता बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीसारख्या मुक्त अंकीय संग्रहांत वाचावयास मिळतात. त्यामुळे एकेकाळी मोजक्या ग्रंथालयांपुरते मर्यादित असलेले हे धन आज मनोरीच्या किनाऱ्यावर बसूनही उघडता येते.

एवढे मान्य करूनही या मालेच्या मर्यादा स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. पहिली मर्यादा स्थलनिर्देशाची आहे. जातीच्या वर्णनाअंती 'बॉम्बे' एवढाच शब्द आला, तर त्याचा अर्थ शहर की इलाखा हे वाचकाला समजत नाही. मुंबई इलाखा दक्षिणेस कारवारपर्यंत पसरला होता आणि १९३६ पर्यंत सिंधही त्यातच मोडत असे. वाळवंटाच्या कडेचा प्रदेश आणि सह्याद्रीचे सदाहरित अरण्य ज्या एका शब्दात मावते, त्या शब्दाचा मनोरीच्या अभ्यासकाला उपयोग तो किती?

दुसरी मर्यादा जीवनक्रमासंबंधीची आहे. मालेतील बहुसंख्य खंड टाचणीवरील प्रौढ कीटक समोर ठेवून लिहिलेले आहेत. अंडे, अळी, कोश, अन्नवनस्पती, ऋतू यांविषयीची माहिती त्यांत तुटपुंजी आहे. याला जो ठळक अपवाद आहे तो या मालेच्याच एका खंडाचा, आणि म्हणून तो विचारणीय ठरतो. बेल आणि स्कॉट यांचा स्फिंजिडी कुलातील पतंगांवरील खंड १९३७ साली निघाला. बेल हे वनखात्यातील अधिकारी होते. कारवारकडील अरण्यांत त्यांनी वर्षानुवर्षे अळ्या वाढविल्या, कोशांतून पतंग बाहेर काढले आणि प्रत्येकाची अन्नवनस्पती नोंदविली. त्यांच्या खंडात अळीला प्रौढाइतकेच मानाचे स्थान आहे. लंडनच्या संग्रहालयात बसून केलेले लेखन आणि कीटकाच्या सहवासात राहून केलेले लेखन यांतील अंतर एकाच मालेतील या दोन पद्धतींच्या तुलनेने जसे कळते तसे अन्य कशानेही कळणार नाही.

तिसरी मर्यादा अपूर्णतेची. भुंगेऱ्यांची काही कुले तपशिलाने हाताळली गेली, तर काहींना हातच लागला नाही. टॅलबट यांचे फुलपाखरांवरील लेखन १९३९ व १९४७ च्या दोन खंडांनंतर थांबले. आणि इतर कीटकांच्या अंड्यांत व अळ्यांत वाढणाऱ्या चाल्सिड गटातील बारीक गांधीलमाश्यांना त्या जुन्या मालेत स्वतंत्र खंडच मिळाला नाही. पिकांवरील किडींचे नैसर्गिक नियंत्रण ज्यांच्यामुळे होते त्यांपैकी मोठा समूह असा उपेक्षित राहिला.

या उणिवा भरून काढण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. पुसा येथील संस्थेत कीटकशास्त्रज्ञ असलेल्या मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी हॉलेट यांच्या साहाय्याने १९०९ साली 'इंडियन इन्सेक्ट लाइफ' हा ग्रंथ सिद्ध केला. मैदानी प्रदेशातील कीटक कसे जगतात, काय खातात, पिकांशी त्यांचा संबंध कोणता, हे त्यात एकत्र मिळते. विंटर-ब्लाइथ यांचे भारतीय फुलपाखरांवरील पुस्तक १९५७ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने प्रसिद्ध केले. आयझॅक केहिमकर यांचे २००८ सालचे पुस्तक आज अनेक विद्यार्थ्यांच्या झोळीत असते. परंतु येथेही प्रेम फुलपाखरांवरच अधिक जडलेले दिसते. माश्या, तुडतुडे, फुलकिडे यांच्या नशिबी असे सचित्र पुस्तक सहसा येत नाही. सौंदर्य हा ग्रंथनिर्मितीचा निकष झाला की ज्ञानाचा नकाशा असा एका बाजूस झुकतो.

या ग्रंथांच्या मर्यादेचे एक उदाहरण मनोरीसारख्या खाडीकाठावरच मिळते. मुंबईच्या खाड्यांतील तिवरांची वने काही वर्षी पावसाळ्याच्या उत्तरार्धात एकाएकी निष्पर्ण झालेली दिसतात. झाडे वाळली की काय अशी शंका येते आणि काही दिवसांनी त्यांना पुन्हा पालवी फुटते. हा पराक्रम हायब्लिया प्युएरा या पतंगाच्या अळ्यांचा असतो. क्रामर यांनी १७७७ साली वर्णिलेली ही जाती भारतीय वनशास्त्रात सागाची पाने खाणारी अळी म्हणूनच प्रसिद्ध आहे. हॅम्पसन यांनी तिला नॉक्टुइडी कुलात ठेवले होते. आज ती हायब्लेइडी या स्वतंत्र कुलात गणली जाते. सागवनातील पुस्तकी ज्ञान घेऊन आलेला विद्यार्थी तिवरावर ही अळी पाहील तेव्हा बुचकळ्यात पडेल. सागावरील आणि तिवरावरील अळ्या एकाच समूहातल्या की अन्नानुसार विभागलेल्या दोन समूहांतल्या, एका झाडावरचे पतंग दुसऱ्या झाडाकडे जातात काय, हे प्रश्न वाचनाने सुटणारे नाहीत. त्यासाठी तिवरावर वाढविलेला आणि तसे चिठ्ठीवर लिहिलेला पतंग हाताशी असावा लागतो. येथे ग्रंथाचा अधिकार संपतो आणि संग्रहाचा सुरू होतो.

(२) संग्रह

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ व्यक्तींनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीची स्थापना केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते, ही गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. संस्थापकांपैकी एडवर्ड एटकेन हे मुंबई इलाख्याच्या जकात व मीठ खात्यात नोकरीस होते. मुलकी सेवेतील डेव्हिडसन, वनखात्यातील बेल आणि मीठ खात्यातील एटकेन या तिघांनी उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरांच्या अळ्या वाढवून त्यांचे जीवनक्रम नोंदविले आणि सोसायटीच्या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. पश्चिम किनाऱ्यावरील फुलपाखरांच्या जीवनक्रमाचा पाया या लेखनाने घातला.

यातून एक अप्रिय प्रश्न उद्भवतो. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची, म्हणजे सोसायटीच्या आधी सव्वीस वर्षे. तरीही हे काम मीठ आणि जंगल सांभाळणाऱ्या नोकरदारांनी फावल्या वेळात केले. आरंभीचे विद्यापीठ ही केवळ परीक्षा घेणारी संस्था होती, हे याचे ऐतिहासिक स्पष्टीकरण आहे आणि ते त्या काळापुरते पुरेसेही आहे. विद्यापीठांत अध्यापनाचे आणि संशोधनाचे विभाग निघाल्यानंतर मात्र त्याच सबबीचा आश्रय घेता येत नाही. प्रबंधांची संख्या वाढली. परंतु त्या प्रबंधांत ज्या कीटकांची नावे आली ते कीटक आज कोठे आहेत, असे विचारले असता समाधानकारक उत्तर किती ठिकाणी मिळेल?

नमुना जपून ठेवण्यावर इतका भर कशासाठी, असा आक्षेप घेतला जाईल. त्याचे उत्तर मुंबईच्या आणि महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९९ साली परळ येथे प्लेग संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. तीच १९२५ पासून हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते. उंदरावरील पिसवा हा रोग माणसापर्यंत आणतात, हे या शतकाच्या नव्हे तर मागील शतकाच्या पहिल्या दशकात येथील प्रयोगांनी दृढ केले. त्या वेळी उंदरावरील सामान्य पिसू एकच समजली जात असे. रॉथ्सचाइल्ड यांनी १९०३ साली झेनोप्सिला किऑपिस या जातीचे वर्णन केले आणि १९११ साली तिच्याशी अत्यंत साम्य असलेली झेनोप्सिला ॲस्टिया ही जाती वेगळी काढली. पुढे कोलंबो येथील हर्स्ट यांनी दाखविले की या दोन पिसवांची प्लेग पसरविण्याची क्षमता सारखी नाही. एखाद्या शहरात प्लेग थैमान घालतो आणि दुसऱ्यात तो रुजत नाही, याचे एक कारण तेथील पिसवांच्या जातीत दडलेले आहे. ज्यांनी पिसवा मोजल्या पण जपून ठेवल्या नाहीत, त्यांचे आकडे या शोधानंतर निरर्थक झाले. ज्यांच्यापाशी नमुने होते त्यांना ते पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येत होते.

डासांची कथाही अशीच बोलकी आहे. १९०१ साली लिस्टन यांनी वऱ्हाडातील एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथील निरीक्षणांवरून ॲनॉफेलिस स्टिफेन्सी या डासाचे वर्णन प्रसिद्ध केले. दहा वर्षांनी, १९११ साली, बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाविषयीचा आपला अहवाल दिला. शहराच्या विहिरी आणि पाण्याच्या टाक्या यांत वाढणारा हाच डास रोगाचे मूळ आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावरून विहिरी बुजविण्याचे आणि झाकण्याचे धोरण आले. विहिरीला पावित्र्य मानणाऱ्या लोकांनी त्यास विरोधही केला. हजारो घरांच्या अंगणातील विहिरींचे भवितव्य एका डासाच्या अचूक नावावर अवलंबून होते. ओळख चुकली असती तर विहिरी गेल्या असत्या आणि हिवताप राहिला असता. अचलपुरास वर्णिलेला हा डास २०१२ साली आफ्रिकेत जिबुती येथे आढळला, नंतर इथिओपियात पोहोचला आणि २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेला त्याविषयी इशारा द्यावा लागला. ग्रामीण आफ्रिकेचा रोग मानला गेलेला हिवताप तेथील शहरांत शिरण्याची भीती या डासामुळे निर्माण झाली आहे.

या डासाचे पोटभेद त्याच्या अंड्याच्या बाजूस असलेल्या तरंडावरील कंगोरे मोजून ओळखले जातात. अनेक पतंगांच्या आणि माश्यांच्या जाती जननांगे सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून निश्चित होत नाहीत. भ्रमणध्वनीवर टिपलेले छायाचित्र अशा वेळी अपुरे पडते. आयनॅचरलिस्टसारख्या जागतिक नोंदवह्यांनी छायाचित्रांच्या आधारे फुलपाखरे आणि चतुर यांच्या प्रसाराविषयी मोलाची भर घातली आहे, याबद्दल वाद नाही. परंतु छायाचित्रात जे आले नाही ते पुन्हा पाहता येत नाही. टाचणीवरच्या कीटकाला पन्नास वर्षांनंतरही नवा प्रश्न विचारता येतो, त्याचा पाय काढून त्यातील जनुकद्रव्यही तपासता येते.

(३) विभागातील व्यवहार

कीटक गोळा करून पेटी सादर करण्याचा प्रघात प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमात दीर्घकाळ रूढ होता. या प्रघाताची फलश्रुती पाहिली तर निराशा पदरी पडते. पेटीत फुलपाखरू, नाकतोडा, झुरळ, भुंगेरा असे गट असत. स्थळ, दिनांक आणि संग्राहक यांची चिठ्ठी बहुधा नसे. गुण मिळाले की पेटीचे प्रयोजन संपे आणि पावसाळा तिचा उरलेला समाचार घेई. मुंबईच्या दमट हवेत साध्या टाचणीवर गंज व कळंब चढतो, बुरशी पंखांवर जाळे विणते आणि वाळलेल्या कीटकांवर जगणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या पेटीत केवळ भुकटी शिल्लक ठेवतात. शेकडो कीटकांच्या मृत्यूतून एकही नोंद मागे राहिली नाही, हा या पद्धतीचा खरा दोष होय.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली प्राण्यांचे विच्छेदन कमी करण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१४ साली ते अभ्यासक्रमातून काढून टाकण्याचा आदेश दिला. या निर्णयाबद्दल अध्यापकवर्गात मतभेद आहेत. झुरळाची पचनसंस्था पुन्हा पुन्हा उघडून पाहण्यात हस्तकौशल्याखेरीज नवे काही मिळत नव्हते, हे मान्य करावयास हवे. परंतु विच्छेदनाबरोबर कीटक हाताळण्याची सवयही प्रयोगशाळेतून गेली, तर तो निर्णयाचा दोष नसून त्याच्या अर्थाकडे केलेल्या दुर्लक्षाचा दोष ठरेल. एका झुरळाच्या विच्छेदनाने पुस्तकात छापलेलीच गोष्ट पुन्हा दिसते. मनोरीच्या तिवरावरील एका अळीच्या सचिठ्ठी नमुन्याने पुस्तकात नसलेली गोष्ट हाती येते. या दोन कृतींना एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे.

कायद्याचे बंधनही ध्यानात घेतले पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूचींत अनेक फुलपाखरांचा समावेश आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीने त्या अनुसूची नव्याने रचल्या गेल्या. २००२ चा जैविक विविधता अधिनियम नमुन्यांच्या देवाणघेवाणीस लागू होतो. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीस मनाई केली आणि २०१२ साली राज्यशासनाने त्यांच्यासाठी स्वतंत्र कक्ष स्थापिला. अशा वनात संग्रह करावयाचा तर परवानगी घेणे आवश्यक आहे. ही अडचण मानण्यापेक्षा शिस्त मानावी. जो नमुना मिळविण्यास अर्ज, अनुमती आणि कारण द्यावे लागते, तो चिठ्ठीविना ठेवणे हा दुहेरी अपराध ठरतो.

(४) भाषा

ग्रंथ आणि संग्रह यांच्या जोडीने भाषा हेही साधन आहे, याची जाणीव विज्ञानाच्या विभागांत क्वचितच दिसते. मराठीचे कीटकविषयक शब्दधन तपासले असता त्यातील एक विषमता लक्षात येते. शेतीशी ज्यांचा संबंध आला त्यांना शेतकऱ्याने नेमकी नावे दिली : मावा, तुडतुडे, फुलकिडे, पिठ्या ढेकूण, खोडकिडा, हुमणी, लष्करी अळी. माडाच्या बागाइतदाराने गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा हे दोन शत्रू रूपावरूनच वेगळे केले. यांतील पहिला कोवळा शेंडा पोखरतो, तर दुसऱ्याची अळी खोड पोकळ करते, आणि नाव बदलले की उपायही बदलतो. ज्यांनी नुकसान केले नाही त्यांना मात्र पाकोळी, भुंगा, किडा एवढ्यावरच भागवावे लागले. अर्थात हे व्यवहाराच्या गरजेतून घडले आणि त्यात दोष देण्यासारखे काही नाही. मराठीतले कीटकशास्त्र लोकांनी हानीच्या कसोटीवर रचले, एवढाच त्याचा अर्थ.

परिभाषाकारांनी या धनाकडे कसे पाहिले? मराठी विश्वकोशाने आणि भाषा संचालनालयाच्या कोशांनी वैज्ञानिक लेखन शक्य करून दिले, हे त्यांचे ऋण मोठे आहे. त्यांतील 'डिंभ' या शब्दावर संस्कृतप्रचुरतेचा आक्षेप घेतला जातो. 'अळी' हा घरगुती शब्द असताना नवा कशाला, असे विचारले जाते. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. 'डिंभ' ही संज्ञा बेडकाच्या आणि खेकड्याच्या बाल्यावस्थेलाही लागू पडते. 'अळी' तेथे चालणार नाही. उलट कीटकांपुरते बोलताना 'डासाचा डिंभ' म्हणण्याचा आग्रह धरल्यास, डासांच्या अळ्या शोधत घरोघर फिरणाऱ्या महापालिकेच्या कर्मचाऱ्याशी विद्यार्थ्याचा संवाद तुटतो. व्यापक अर्थी कोशातील संज्ञा आणि विशिष्ट अर्थी लोकांतील शब्द असा विवेक राखल्यास दोन्ही शब्द उपयोगी ठरतात.

२०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉर्मन हे आपले राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केले आणि त्यानंतर फुलपाखरांच्या मराठी नावांकडे लक्ष वळले. हा प्रयत्न स्वागतार्ह आहे. परंतु नवी नावे घडविण्यापूर्वी असलेली नावे टिपून घेणे हे विद्यापीठाचे अधिक निकडीचे काम आहे. मनोरीचा कोळी किंवा तेथे भातशेती केलेला वृद्ध कोणत्या किड्याला काय म्हणतो, हे आज विचारले तर कळेल. ते नाव कोणत्या जातीचे, हे मात्र नमुना समोर ठेवल्याशिवाय ठरणार नाही. भाषाविभाग आणि प्राणिशास्त्रविभाग यांची गाठ पडावी अशी ही जागा आहे. चिठ्ठीवर शास्त्रीय नावाच्या खाली स्थानिक नावाला एक ओळ दिली की तिचा आरंभ होतो.

(५) उपसंहार

या साधनांपैकी ग्रंथ आज पूर्वीपेक्षा सुलभ झाले आहेत. संग्रहाच्या बाबतीतही विद्यार्थी अगदी निराधार नाही. मुंबईत सोसायटीचा संग्रह आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र १९५९ पासून पुण्यात आहे. दिल्लीस पुसा येथील आणि डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेतील संग्रह देशभर मान्यता पावलेले आहेत. नावाची शहानिशा करण्यासाठी त्यांच्याकडे जावे लागेल आणि जावे हेच योग्य. पण मनोरीच्या कीटकांची सलग, वर्षानुवर्षांची नोंद ठेवणे हे या दूरच्या संस्थांचे काम नव्हे. दर वर्षी नवी तुकडी जिच्याकडे येते आणि जिला एकाच जागी पुन्हा पुन्हा जाता येते, अशी संस्था विद्यापीठाचा विभाग हीच होय.

त्यासाठी लागणारी सामग्री मोठी नाही. घट्ट झाकणाचा एक खण, न गंजणाऱ्या टाचण्या, ओलावा शोषणारे द्रव्य, मऊ शरीराच्या अळ्यांसाठी मद्यार्काच्या कुप्या, नवा नमुना खणात ठेवण्यापूर्वी काही दिवस गोठवून त्यातील उपद्रवी किडी मारण्याची सोय आणि एक नोंदवही इतके पुरे. प्रत्येक कीटकाला दोन चिठ्ठ्या असाव्यात : एकीवर स्थळ, दिनांक, अधिवास, अन्नवनस्पती व संग्राहक, दुसरीवर जातीचे नाव, स्थानिक नाव आणि ज्याने ओळखले त्याचे नाव. प्रबंधात जे नाव येईल त्यापुढे नमुन्याचा क्रमांक असावा आणि एक जोडनमुना मान्य संग्रहात ठेव म्हणून द्यावा. परीक्षकाने सूक्ष्मदर्शकाच्या किमतीऐवजी हा क्रमांक विचारण्याची प्रथा पाडली, तर बाकीच्या सुधारणा आपोआप घडतील.

हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प मुंबई महानगरपालिकेने मनोरी येथे योजिला असून दररोज २०० दशलक्ष लिटर आणि पुढे ४०० दशलक्ष लिटर अशी त्याची क्षमता ठरविली आहे. शहराला पाणी हवे, यात शंका नाही. प्रस्तुत विवेचनात त्या प्रकल्पाचा गुणदोषविचार अभिप्रेतही नाही. परंतु किनाऱ्यावर बदल घडल्यानंतर त्याचे जीवसृष्टीवर काय परिणाम झाले असे विचारले जाईल, तेव्हा पूर्वी तेथे काय होते हे सांगणारा पुरावा लागेल. 'बॉम्बे' एवढाच शब्द लिहून ठेवणाऱ्या परकीय संग्राहकाला त्याच्या काळाची मर्यादा होती. खाडीच्या अलीकडे राहून मनोरीला पोहोचू शकणाऱ्या विद्यार्थ्याने तितकीही नोंद ठेवली नाही, तर त्याला ती सबब सांगता येणार नाही.